राजीखुशीने सोडलेली नोकरी

लिंबाजी, तुझ्या जाण्याची बातमी मीच लिहिली. हैदराबादच्या आमच्या साप्ताहिकात ती तीन ओळींत आली. हसनाबादचे नाव, तुझे नाव, दोन दिवसांचा ताप, मागे पत्नी आणि एक विवाहित मुलगी. नावाआधी 'माजी दफेदार' असे लिहिले आणि हात थांबला. आपल्या भागात पेन्शनीला वजीफा म्हणतात, आणि लष्करातून वजीफा घेऊन आलेल्या माणसाचे नाव कुणी नुसते घेत नाही. सोयरीक जुळवताना, पंचांत बसवताना, मेल्यावरसुद्धा 'वजीफेवाले' हा शब्द आधी येतो. तुझ्या नावाआधी मला तो लिहिता आला नाही. तो खरा नव्हता.

बातमीत मी तुला 'ते' म्हटले आहे. तशी रीतच आहे. इथे ती पाळत नाही.

तुझा तेरावा काल झाला. बातमीत जे बसले नाही ते लिहायला आज बसलो आहे, आणि त्यातले पुष्कळसे माझ्याविरुद्ध जाणारे आहे.

हाजिरीच्या दिवसापासून सुरुवात करतो. वर्षातून दोनदा सगळे वजीफेवाले भोकरदनच्या तहसिलीत येतात. माणूस हयात आहे हे त्याने स्वतः उभे राहून दाखवायचे, असा कायदा आहे. घडीचा कोट, असतील ती पदके, खिशात मेणकापडात गुंडाळलेला वजीफ्याचा कागद. पेशकार नाव पुकारतो, माणूस 'हाजीर' म्हणतो, सही नाहीतर अंगठा करतो. ते झाले की सगळे बाहेर चिंचेखाली बसून चहा पितात आणि जुन्या साहेबांच्या नकला करतात. तू दर हाजिरीला यायचास. खाकी कोट घालून, मिशीला तेल लावून, सहा कोस चालत किंवा कुणाच्या बैलगाडीत बसून. तुझे नाव यादीत नव्हते. चहापुरता यायचास.

"काय दफेदार, तुझं नाव न्हाई पुकारलं आज?" एका जुन्या हवालदाराने एकदा विचारले. त्याला उत्तर माहीत होते.

"माझं नाव वरचा पेशकार पुकारनार हाये," तू म्हणालास. "तवा म्या तुझ्याआधी हाजीर होतो का न्हाई ते बघ."

सगळे हसले. मी बातमीसाठी तिथे होतो, मीही हसलो. वाक्य चांगले होते म्हणून वहीत उतरवून घेतले. चहाचा पेला तू तसाच हातात धरून बसला होतास, हेही मला दिसले होते. ते वहीत नाही.

त्याच दिवशी दुपारी तू माझ्या ओट्यावर येऊन बसलास. आपण चौथीपर्यंत एका बाकावर होतो. पुढे तू रिसाल्यात, म्हणजे घोडदळात गेलास आणि मी हैदराबादला छापखान्यात मुद्रिते तपासायला लागलो. तिथून साप्ताहिकाच्या कचेरीत आणि मग बातमीदार होऊन परत गावी. त्याआधी तीनएक वर्षे तूही नोकरी सोडून आला होतास. एरवी आपल्यात अरे-तुरे चाले. काम असले की तू अहो-जाहोवर यायचास.

"अखबारवाले, एक अर्ज लिहून द्या."

"कशाचा?"

"वजीफ्याचा."

हा विषय मला पाठ होता. मोठी लढाई नुकतीच संपली होती. तालुक्यातले शिपाई परत येत होते, आणि मुदतीआधी नोकरी सुटलेल्यांचे हक्क काय यावर मी एक माहितीचा लेख लिहिला होता. त्यात तीन प्रकार दिले होते. मुदत भरणाऱ्याला वजीफा. डाक्टरी बोर्डाने नाकाबिल, म्हणजे नोकरीला निकामी, असे ठरवून सोडलेल्याला दुखापतीच्या मानाने वजीफा. आणि मुदतीआधी जो स्वतःच्या मर्जीने सोडतो, त्याला काही नाही. लेख बिनचूक होता. लोकांनी कात्रणे कापून ठेवली.

"तुझी मुदत भरली का?" मी विचारले.

"चार वर्सं कमी पडली."

"काढलं का सोडली?"

"सोडली."

"कुणी जबरदस्ती केली?"

"माझ्यावर कोन जबरदस्ती करतंय?"

"म्हणजे राजीखुशीनं."

तू ओट्याच्या कडेचे ढेकूळ नखाने उकरत होतास. "हौ," म्हणालास. "राजीखुशीनं."

"मग तुझा हक्क बसत नाही."

"बसला असता तर तहसिलीच्या दारातला अर्जनवीस काय मेल्ता? जल्दी लिहून देतो त्यो. तुझ्याकडं आलो ते तुझं लिहिलेलं वरचे लोक वाचतेत म्हून."

मी अर्ज लिहिला. कचेरीची भाषा उर्दू म्हणून उर्दूत लिहिला आणि तुला मराठीत सांगत गेलो. इतकी वर्षे इमानाने नोकरी केली, घोड्यांना सवारी शिकवण्याचे काम केले, सरकारने मेहरबानी करावी. मधे एक वाक्य होते. अर्जदाराने आपली नोकरी राजीखुशीने सोडली आहे. तिथे तू मला थांबवलेस.

"ते वाक्य ठिवायलाच पाह्यजे का?"

"खरं आहे ना ते?"

"खरं हाये, पन..."

"पण काय?"

"काय न्हाई. अर्जनविसानं लिहिलं असतं का असं?"

"अर्जनविसानं तू लढाईत मेलास असं लिहिलं असतं, आणि वर तुझाच अंगठा घेतला असता."

तू हसलास. तू हसलास म्हणून मी पुढे वाचत गेलो. त्या 'पन'च्या पुढे काय होते ते ऐकायला मी थांबलो असतो तर हा लेख लिहावा लागला नसता, किंवा निदान असा लिहावा लागला नसता. मला त्या वेळी माझा विनोद आवडला होता.

चार महिन्यांनी उत्तर आले. एकाच ओळीचे होते. अर्जदार स्वतःच कबूल करतो की नोकरी त्याने राजीखुशीने सोडली, सबब हक्क नाही. तुझी जुनी कागदपत्रे त्यांनी मागवलीही नाहीत. माझे वाक्य त्यांना पुरले.

उत्तर मी तुला वाचून दाखवले तेव्हा तू कोट काढून खांद्यावर टाकलास.

"तुझ्या छापखान्यात खरं म्हंजे कागदावर जेवढं मावंल तेवढंच का रे?"

"लिंबाजी, मी खोटं लिहीत नाही."

"खोटं लिही म्हनलोच न्हाई म्या," तू म्हणालास आणि निघून गेलास.

आपला वाद तिथेच राहिला. त्या शेवटच्या वाक्याला मी कितीतरी दिवस रुसवा समजत होतो. तू मला माहिती देत होतास, लिंबाजी. खोट्याच्या बाहेर अजून एक खरे शिल्लक आहे, एवढे तू सांगितले होतेस. माहिती ओळखणे हा माझा धंदा आहे आणि ती माझ्या समोरून निघून गेली.

त्यानंतर सहा-सात महिने तू माझ्या दाराशी आला नाहीस. हाजिरीला आलास, चिंचेखाली बसलास, मला राम राम केलास. एवढेच. आणि मग माझ्या बायकोच्या आजाराचे झाले.

शनिवार होता, बाजाराचा दिवस. तिला तीन दिवस ताप होता आणि त्या सकाळी ती माणसे ओळखेनाशी झाली. जालन्याच्या मोटारीचे चाक की काही तुटले होते, मोटार दोन दिवस बंद होती. बाजारात कुणीतरी तुला सांगितले. तू मला विचारायलाही आला नाहीस. एका कुंभाराचे तट्टू मागून घेतलेस आणि थेट जालन्याला गेलास. दुसऱ्या दिवशी सकाळी डाक्टर टांग्यातून उतरले आणि टांग्यामागे तू तट्टावर होतास.

तू उतरला नाहीस. मी डाक्टरांना आत नेले, पाणी आणले, आतल्या अंधाऱ्या खोलीत दिवा धरला. बऱ्याच वेळाने बाहेर आलो तेव्हा तू तसाच बसलेला. दोन माणसांनी तुला काखेत धरून खाली घेतले. उजवा पाय लाकडासारखा ताठ झाला होता.

"काय झालं रे?"

"ह्या तट्टाला रिसाल्याची शिस्त न्हाई," तू म्हणालास. "स्वार उतरायचा म्हनलं की ह्ये मान हालवून राह्यलंय."

त्या पायाचे तू मला आधीच सांगून ठेवले होतेस. नोकरी सोडून घरी आल्यावर विहिरीच्या पायऱ्यांवर घसरलो, गुडघा दुखावला. मी त्या काळात हैदराबादला होतो. सांगितलेले खरे धरले. बातमी असती तर दोन माणसांना विचारून खात्री केली असती. मित्राच्या गुडघ्याची खात्री कोण करतो?

माझी बायको वाचली. डाक्टर म्हणाले, एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होते. मी डाक्टरांचे उपकार मानले. तुला काय म्हणालो ते मी आठवून पाहिले. "जेवून जा" म्हणालो. तू जेवून गेलास. पुरणपोळी नव्हती, पिठले-भाकरी होती, आणि तू दोनदा ठेचा मागून घेतलास. त्या जेवणाने आपला अबोला संपला असे मी समजलो. अर्जाचा विषय मी काढला नाही, तूही काढला नाहीस. तुझे मोठेपण इतके सोपे होते की मला तुझे उपकार फिटल्यासारखे वाटले.

तुझ्या दहाव्याला नदीकाठी एक परका माणूस आला. उंच, पांढरी दाढी, पाय न वाकवता ताठ चालणारा. करीम खाँ, तुमच्याच रिसाल्यातले जमादार, आता जालन्यात असतात. वजीफेवाले. तुझ्या मुलीच्या सासरकडून त्यांना कळले होते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत ते लांब एका दगडावर बसून होते. मी जाऊन शेजारी बसलो, नाव सांगितले.

"भोकरदनचे अखबारवाले ते तुमीच का?" त्यांनी विचारले आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

मी तुझ्याबद्दल बोलू लागलो. शेवटी शेवटी त्याला चालवत नव्हते, विहिरीत पडल्यापासून पाय गेलाच होता, असे काहीसे म्हणालो.

"कायकी विहीर?" जमादार म्हणाले.

"घरची. पायऱ्यांवरून घसरला ना तो."

"घोड्याखाली आला त्यो, बाबू. माझ्यासमोर. नवा घोडा होता, चक्करमधे वळताना पडला, ह्याचा घुटना खाली. दीड महिना दवाखान्यात होता. दवाखान्याच्या रजिस्टरात नाव हाय, मैंच लिखाया. डबा मैं लेके जाता था."

मी वही काढली नाही. पण प्रश्न त्याच क्रमाने विचारले, सवयीने. कोणत्या कामावर होता? हुकमाचे काम होते का? कोण कोण हजर होते? जमादारांनी सगळ्याची उत्तरे दिली. घोड्यावरून पडणाऱ्या स्वाराने तुकडीला जिलबी खिलवायची असा तुमच्याकडे रिवाज होता म्हणे. तू दवाखान्यात खाटेवरून पैसे पाठवलेस आणि जिलबी खिलवलीस.

"रिवाज बराबर पाळला उने," जमादार म्हणाले. "हक सोड्या."

"बोर्डापुढं का नाही गेला मग?"

"रिसालदारसाब खुद बोले, लिंबाजी, बोर्डमें जा, वजीफा ले. तो हात जोड्या. साब, नाकाबिल मत लिखो, मैं खुद अर्जी देतूं. मैं बोल्या, अरे पागल, लफ्जकू कायकू डरता? घरकू रोटी आती ना उससे?" पुढचे त्यांनी मराठीत सांगितले, तू सांगितलेस तसेच असावे. "मला म्हनला, जमादार, तुमाला ठाऊक न्हाई. भोकरदनचा माझा एक दोस्त हाये. लई हुशार. त्यो नावं ठिवतो. त्यानं ठिवलेलं नाव मरंस्तवर निघत न्हाई."

कावळा शिवला. लोक उठले. जमादार माझ्या खांद्याला धरून उभे राहिले.

आता ते लिहितो जे तुला आणि मला चांगले माहीत होते.

धावडा गावचा एक शिपाई होता, हणमंता. तुझ्याआधी काही वर्षे तो लष्करातून परत आला होता, हाताची तीन बोटे गेलेली. बोर्डाने त्याला नाकाबिल ठरवून वजीफा दिला होता. तू रजेवर आला होतास, मी सणाला आलो होतो, आपण बाजारात चहा पीत होतो. हणमंता समोरून गेला. मी म्हणालो, "या, नाकाबिलराव." तू इतका हसलास की चहा सांडला. शेजारच्या बाकावरच्या दोघांनी ते ऐकले. पुढच्या बाजाराला ते नाव धावड्याला पोचले होते. दोन वर्षांत त्याचे खरे नाव कुणी घेईनासे झाले. त्याच्या घराला नाकाबिलाचे घर, त्याच्या बैलांना नाकाबिलाचे बैल. मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती मोडली. 'नाकाबिलाची लेक' करून आणायची कुणाला नको होती. हणमंताला वजीफा मिळत होता आणि तो हाजिरीला सगळ्यांच्या आधी येऊन, सही करून, चहा न पिता निघून जायचा. हे मी इतकी वर्षे पाहत होतो. त्यात मला बातमी दिसली नाही.

तुझीही मुलगी त्या वेळी लग्नाच्या वयाकडे चालली होती.

मला मथळे चांगले सुचतात असे कचेरीत म्हणत. दोन शब्दांत माणूस पकडायचा. हणमंता माझा पहिला मथळा होता म्हणायला हरकत नाही. तो तुलाही लागू होईल हे तू खाटेवर पडल्या पडल्या ओळखलेस, आणि त्या एका शब्दातून सुटण्यासाठी जन्माचा हक्क सोडून आलास. मग दहा वर्षांनी अर्ज लिहायला माझ्याकडेच आलास. गुडघ्याचे खरे कारण सांगावे तर ज्याच्यापासून लपवले तोच समोर लिहायला बसलेला. 'पन' म्हणालास, माझ्या तोंडाकडे पाहिलेस आणि 'काय न्हाई' म्हणालास. मी विनोद केला.

मुदत भरली का, काढलं का सोडली, जबरदस्ती कुणी केली, हे सगळे मी तुला विचारले होते. का सोडलीस हे विचारले नाही. तेवढे एक विचारायला चतुराई लागत नव्हती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी तहसिलीत गेलो. पेशकार म्हातारे आहेत, कायद्याची जाडी पुस्तके त्यांना पाठ आहेत. नाव न घेता प्रकरण सांगितले. त्यांनी चष्मा पुसला.

"दुखापत नोकरीतली?"

"हो."

"दवाखान्यात नोंद?"

"आहे म्हणतात."

"पाहणारा कुणी हयात?"

"एक जमादार."

"मग त्यानं स्वतः नोकरी सोडली तरी मागता आलं असतं. दुखापतीचा हक्क दुखापतीवर असतो, राजीनाम्यावर नाही. अर्जात दुखापत लिहायला पाहिजे होती फक्त. अर्ज कुणी लिहिला होता?"

"मी."

पेशकारांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. त्यांनी माझा तो माहितीचा लेख वाचला होता, मला ठाऊक आहे. तिथे मी तीन प्रकार दिले होते. हा चौथा मला माहीत नव्हता आणि मी कुणाला विचारलाही नव्हता. लेखाखाली माझे नाव होते.

"आता माणूसच नाही," ते म्हणाले. "हक्क त्याच्याबरोबर गेला. त्याची बेवा बायको मेहरबानीचा अर्ज करू शकते. होईलच असं नाही. सध्या वरच्या कचेऱ्यांचं काही खरं नाही. पण अर्ज घ्यायला मी नाही म्हणणार नाही."

तिथून मी सरळ हसनाबादला गेलो. गयावहिनी तुझ्या पुतण्याच्या घरी आहेत. पुतण्या वाईट नाही. पण तुझ्या बायकोला मी पहिल्यांदाच भिंतीला टेकून बसलेली पाहिली. पुतसुनेने भाकरी वाढली तेव्हा वहिनींनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिले आणि मग ताटाला हात लावला. पुतसून पाण्याला गेल्यावर त्या बोलल्या.

"भाऊजी, मला कुणाचं वाईट म्हनायचं न्हाई. पन मला माझी चूल पाह्यजे. आमच्या खोलीचं दार अजून हाये. लुगडं आन पीठमीठ एवढं आलं तरी बास. काही निघतं का त्यांच्या नोकरीचं?"

मी सगळे सांगितले. जमादारांनी सांगितलेले, पेशकारांनी सांगितलेले. विहीर खोटी होती, हे सांगताना मी चाचरलो.

"गुडघ्याचं मला ठाऊक होतं," वहिनी म्हणाल्या. "बारा वर्सं शेकत होते मी. तुम्हाला सांगू नको म्हनले होते. तुमच्या बायकोच्या वक्ताला जालन्याहून आल्ते, तवा पंधरा दिवस उठले न्हाई. पोतं उचलताना चमक भरली म्हून सांग, म्हनले."

पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत मी एकदाही हसनाबादला गेलो नव्हतो.

मग अर्ज लिहायला घेतला. लिहिला आणि त्यांना वाचून दाखवू लागलो. अर्जदारणीचा पती सरकारी कामावर असताना घोड्याखाली सापडला, त्याचा गुडघा मोडला आणि तो नोकरीस... तिथे थांबलो.

"थांबलात काहून?"

"पुढचा शब्द त्याला चालला नसता."

"कोनता?"

"नाकाबिल."

वहिनींनी पदर सारखा केला. बाहेर पुतण्याचा बैल खुंट्याला अंग घासत होता. "धावड्याच्या त्या मान्साला ते नाव तुम्हीच ठिवलं होतं ना?" त्यांनी विचारले.

"हो."

"ह्ये सांगत होते मला एकदा. हसत हसत सांगत होते, मंग गप झाले." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केले. "मंग आता तुमच्याच हातानं लिहा. त्यांची लाज त्यांच्यासंगं गेली. मला जगायचं हाये. बराबर लिहा, मोठं लिहा."

मी लिहिला. त्यांनी अंगठा केला, बोट जमिनीच्या सारवणाला पुसले आणि किती दिवस लागतील म्हणून विचारले. सांगता येत नाही म्हणालो. "लागू द्या," म्हणाल्या.

अर्जासोबत मी माझा एक वेगळा कागद जोडला आहे. चूक छापली गेली तर पुढच्या अंकात दुरुस्ती द्यायची, असे मला कचेरीत शिकवले होते. मागच्या अर्जातले राजीखुशीचे वाक्य माझे होते, अर्जदाराला ते नको होते, ते अपुरे होते आणि त्याचा दोष अर्जदाराकडे नाही, असे लिहून खाली सही केली आहे. तसेच एक पत्र धावड्यालाही पाठवले आहे. ते कुठल्या कचेरीसाठी नाही. हणमंताने उत्तर दिलेले नाही आणि देईल असे वाटत नाही.

उद्याच्या मोटारीने जालन्याला जाऊन जमादारांची साक्ष घेईन, परवा अर्ज पेशकारांच्या हातात देईन. नामंजूर झाला तर वरच्या कचेरीत पाठवीन. तीही नाही म्हणाली तर पुन्हा लिहीन. त्यातल्या प्रत्येक कागदावर, लिंबाजी, तू ज्या शब्दापासून पळालास तो शब्द तुझ्या नावाला माझ्या अक्षरात लागलेला असेल. तुला राग येईल. तो तुझा हक्क आहे, आणि त्याला अर्ज लागत नाही.